इंडिकेटर आणि तर्री पोहे

कॅल्गरीतल्या त्या बेसमेंटमध्ये सगळे आवाज वरून यायचे. घरमालकीण चालली की आमच्या छतावर पावलं वाजायची, तिनं नळ सोडला की आमच्या भिंतीतून पाणी धावायचं, आणि घर तापवणारी फर्नेस सुरू झाली की बाकीचं सगळं तिच्या घुरघुरीखाली दबून जायचं. खालून वर जाणारा आवाज एकच, आईच्या फोडणीचा. मोहरी टाकण्याआधी आई खिडकी उघडायची. खिडकी म्हणजे जमिनीलगतची वीतभर फट. बाहेर बर्फ साचला की ती निम्मीच उघडायची, आणि त्या निम्म्या फटीतून लसणाचा वास कॅनडात जायचा. माझा अभ्यास, आईचं डे-केअरचं काम, बाबांच्या शिफ्ट, सगळं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावत होतं. त्या हिवाळ्यात त्यात एका नव्या आवाजाची भर पडली. बाबा जेवता जेवता जिभेनं टक-टक, टक-टक असा आवाज काढायचे, मान झटक्यात डाव्या खांद्यावरून मागे वळवायचे, आणि मग वरणाची वाटी उचलायचे. आई म्हणायची, "अहो, वाटीच्या मागून कुणी येत नाहीये."

बाबा ड्रायव्हिंगची रोड टेस्ट देत होते. नागपूरजवळच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. इथे ब्रेडच्या फॅक्टरीत ट्रे धूत होते. बऱ्याच ठिकाणी अप्लाय करून झाल्यावर एका गॅस प्लांटमधून बोलावणं आलं आणि मुलाखत चांगली झाली. प्लांट शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर, शेतांच्या मधोमध. तिथे शहरातली सीट्रेन जात नाही, बस जात नाही. म्हणून त्यांची एकच अट होती: नोव्हेंबर संपायच्या आत लायसन्स दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. बावन्न वर्षांच्या, इथला अनुभव नसलेल्या माणसाला पुन्हा असं कोण बोलावेल, हे घरात कुणी मोठ्यानं विचारलं नाही. आई फक्त फ्रिजच्या दारावरच्या कॅलेंडरकडे पाठ करून उभी राहू लागली.

बोलावणं आलं तेव्हा बाबा एकदा नापास झालेले होते, आणि ते कसे झाले हे सांगायलाच हवं, कारण तशी चूक फक्त आमचीच माणसं करू शकतात. आम्ही सगळे आयएमपीवर वाढलेलो. परीक्षेला हमखास येणारे प्रश्न कुणीतरी हेरायचे आणि बाकीच्यांनी ते घोकायचे, ही नागपूरची रीत आम्ही लोणच्याच्या बरणीबरोबर सामानात बांधून आणली होती. रविवारी इथल्या आमच्या मंडळाची बुद्धवंदना झाली की हॉलमध्ये पॉटलक असायचं, म्हणजे प्रत्येक घरचा एकेक पदार्थ आणि सगळ्यांचं मिळून जेवण. तिथे ज्यांनी ज्यांनी आमच्या भागात टेस्ट दिली होती, त्यांना परीक्षकानं कुठून कुठे नेलं ते मेश्रामकाकांनी विचारून घेतलं आणि सगळ्यांचा मिळून एक रस्ता काढला. काका बाबांना कॉलेजात ज्युनिअर होते, पण कॅनडात दहा वर्षं सीनिअर. त्यांच्याकडे लायसन्स होतं, जुनी लांबलचक गाडी होती, आणि दोन्ही ते मोकळ्या मनानं वापरू द्यायचे. पहिलं लेफ्ट, मग शाळेचा झोन, मग चार बाजूंचा स्टॉप, पुन्हा लेफ्ट, चर्चसमोर पार्किंग. बाबांनी तो रस्ता पाढ्यांसारखा पाठ केला. संध्याकाळी मी तो त्यांच्याकडून म्हणून घ्यायचे आणि ते एकदाही चुकले नाहीत. टेस्टच्या दिवशी स्टॉपपाशी परीक्षक बाई म्हणाल्या, राइट घ्या. बाबांनी लेफ्ट इंडिकेटर दिला. त्या पुन्हा म्हणाल्या, राइट. बाबा अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, इथून लेफ्टच आहे," आणि वळले.

"पेपर फुटला होता दादा," काका त्यांचं सांत्वन करत म्हणाले. "फक्त तुम्हाले सेट बी आला."

पहिल्या वेळी सगळे हसले, बाबासुद्धा. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, कारण आता मध्ये नोकरी होती. हिरव्या सिग्नलला लेफ्ट घ्यायला ते चौकात मध्यावर जाऊन थांबले. समोरच्या गाड्यांत फट पडली, ते गेले नाहीत. दुसरी पडली, गेले नाहीत. सिग्नल पिवळा झाला, लाल झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि बाबा स्टीअरिंग धरून इंडिकेटरची टक-टक ऐकत बसले. त्यानंतर तो आवाज आला की त्यांच्या तळव्यांना घाम फुटायचा. गाडीतच असं नाही. घरात कपडे वाळवायच्या मशिनमध्ये पँटचं बटण आपटत राहिलं तरी ते उठून वॉशरूममध्ये जाऊन हात धुऊन यायचे.

आईनं आयुष्यात कधी स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता. पण नागपूरला ती अध्यापक विद्यालयात होती. शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींना ती शैक्षणिक मानसशास्त्र शिकवायची: माणूस शिकतो म्हणजे काय होतं, का विसरतो, भीती कुठून येते. इथे ती डे-केअरमध्ये मुलांची नाकं पुसत होती आणि गाणी म्हणत होती. दुसऱ्यांदा नापास होऊन बाबा घरी आले त्या संध्याकाळी तिनं त्यांच्या हातातलं ड्रायव्हिंगचं पुस्तक काढून घेतलं आणि फ्रिजवर, अगदी मागे, सारून ठेवलं.

"हे तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली. "येत मात्र नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी वीस वर्षं पोरांना हेच सांगत होते."

"तू शिकवणार मला गाडी?"

"गाडी मेश्रामभाऊ शिकवतील. मी तुम्हाला शिकवते."

आज माझं पोट याच विषयावर चालतं. कंपनीत नव्या माणसांना सेफ्टी शिकवणं हे माझं काम आहे आणि मी ते चेकलिस्ट, वेळापत्रक आणि रंगीत स्लाइड घेऊन करते. स्लाइडवर जे इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यातलं बहुतेक मी चौदाव्या वर्षी मेश्रामकाकांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ऐकलेलं आहे, आईच्या तोंडून, शुद्ध मराठीत.

पहिला धडा रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये झाला. आईनं तर्री पोहे केले होते. पोहे एका डब्यात, चण्याची लाल झणझणीत तर्री थर्मासमध्ये, वरून घालायला चिरलेला कांदा वेगळा. काका बाबांच्या शेजारी, मी आणि आई मागे. आई म्हणाली, गाडी हलवायची नाही, फक्त इंडिकेटर लावा. टक-टक सुरू झाली. मग तिनं सगळ्यांच्या हातात वाट्या दिल्या आणि म्हणाली, खा.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"त्या आवाजाशी तुमची भीती जोडली गेलीय. ती सोडवायची तर त्याच आवाजाला दुसरं काहीतरी जोडायला पाहिजे."

काकांचा घास अडकला. "वहिनी, हे तर ते घंटी वाजवून कुत्र्याले खाऊ देत ना, तसं झालं."

"तसंच आहे."

"म्हणजे मी कुत्रा," बाबा म्हणाले.

"कुत्रा लवकर शिकला होता," आई म्हणाली. "कांदा घ्या."

आम्ही तिथे काचा धुरकट होईपर्यंत बसलो. तर्रीच्या वाफेनं गाडीत नागपूर भरलं होतं, बाहेर पार्किंगवरचा बर्फ वाऱ्यानं सापासारखा सरपटत होता, आणि इंडिकेटर चालूच. बाबा खात होते, पण डावा हात मांडीवर पुसत होते. मी त्या हाताकडे बघत होते आणि वरणभाताच्या वेळी कॅलेंडरवर पाहिलेले उरलेले रविवार आठवत होते. दुसऱ्या रविवारी तो हात मांडीवरून वाटीखाली गेला. तेवढं आईला पुरेसं होतं.

मग गाडी रस्त्यावर आली, आणि मला काम मिळालं. दोन वर्षांच्या शाळेनं माझं इंग्रजी इथल्यासारखं झालं होतं, म्हणून परीक्षक मी. मी मागून सांगायचे, "At the next lights, turn right," आणि बाबांनी ऐकायचं. चौदा वर्षांच्या मुलीनं बापाला वळवायचं, हे आम्हा दोघांनाही जड गेलं. माझा आवाज बारीक व्हायचा, त्यांचे खांदे वर जायचे. त्यात आईनं शाबासकी सुरू केली. बरोबर केलेल्या गोष्टीचं लगेच कौतुक केलं की ती गोष्ट पक्की होते, असा तो नियम. आरसा पाहिला, शाब्बास. वेग कमी केला, शाब्बास. स्टॉपला पूर्ण थांबले, छान, शाब्बास. चौथ्या की पाचव्या शाब्बासला बाबांनी गाडी कडेला घेतली, व्यवस्थित इंडिकेटर देऊन घेतली, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरले.

"मी चौथीत नाही, रंजना," एवढं म्हणाले आणि चालायला लागले.

ते चालत कुठे जात होते हे त्यांनाही माहीत नसावं. आमचं घर उलट्या दिशेला होतं. फुटपाथवरचा बर्फ कुणी फावड्यानं काढलेला नव्हता. बूट घोट्यापर्यंत रुतत होते. काकांनी सीट बदलली आणि आम्ही त्यांच्या मागून सायकलच्या वेगानं गाडी नेली. आईच्या मांडीवर रिकामा थर्मास होता आणि ती त्याचं झाकण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. मला वाटलं, संपलं. नोकरी, घर, सगळं इथेच या फुटपाथवर संपलं. बऱ्याच वेळानं बाबा थांबले, मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसले, आणि त्यांच्या मिशीवरचा बर्फ विरघळायला लागला. शेवटी काका म्हणाले, "दादा, उतरताना खांद्यावरून मागे पाहून शोल्डर चेक केला तुम्ही. मी पाह्यलं." बाबांच्या तोंडून हसू आलं की हुंदका, ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर आईनं तांदूळ धुवायला घेतले. ती चिडली की तांदूळ फार धुते. पाण्याखाली हात ठेवूनच तिनं मागे न बघता विचारलं, "नागपूरला बर्डीच्या चौकातून कॉलेजला सायकलनं जायचात, तेव्हा काय बघायचात?"

"काय बघायचंय? जायचो."

"एवढ्या गर्दीतून कधी धडकलात?"

"नाही."

"मग काहीतरी बघत असाल."

बाबा टेबलाशी बसले. आधी त्यांनी खांदे उडवले, मग बोलायला लागले. सायकलरिक्षावाला वळायच्या आधी त्याचं कोपर बाहेर येतं. बसला पुढचा स्टॉप घ्यायचा असला की दारातला कंडक्टर बाहेर झुकतो. गाय चालत असली तर भीती नाही, उभी गाय कान हलवत असेल तर ती निघणार. शाळेची मुलगी एकटी असली तर सरळ जाते, मैत्रीण पलीकडे दिसली की मध्येच वळते. ते बोलतच राहिले. आईनं नळ बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा घट्टपणा बोलता बोलता कधी सुटला ते त्यांना समजलं नाही, आम्हाला समजलं.

"ज्ञाताकडून अज्ञाताकडे," आई हळूच म्हणाली. ते तिच्या विद्यालयातलं पहिल्या आठवड्यातलं सूत्र होतं: जे येतं तिथून सुरुवात करायची, जे येत नाही तिथून नाही. "मीच विसरले होते. तुम्हाला सगळं येतं, अहो. तुम्ही फक्त ते इंग्रजीत पाठ करून बसलात. उद्यापासून चालवताना तुम्ही बोलायचं. जे दिसेल ते, मराठीत. मला गाडीतलं काही कळत नाही असं समजून मला सांगत सांगत चालवा."

"म्हणजे आता मी तुला शिकवायचं?"

"हो. आणि मी एकदाही शाब्बास म्हणणार नाही."

त्या आठवड्यात आमची गाडी आकाशवाणीसारखी बोलू लागली. निळी गाडी घुटमळतेय, तिला पत्ता सापडत नाहीये, जपून. बसचा दिवा लागला, ती बाहेर येणार, येऊ देतो. कुत्रेवाल्या बाईनं पाय पुढे टाकला, थांबतो. प्रज्ञा राइट म्हणाली, आरसा बघतो, खांद्यावरून बघतो, वळतो. माझं नाव ते त्या यादीत बस आणि कुत्र्यांबरोबर घ्यायचे, आणि माझा आवाज आपोआप मोकळा झाला. त्यांना माझं इंग्रजी ऐकू यायला लागलं, कारण मध्ये पाठांतर उरलं नव्हतं. बाबा बोलत असताना इंडिकेटर वाजायचा आणि ते त्याच्यावरून बोलत राहायचे. आईनं काकांना गप्प बसवलं. मग स्वतःचे प्रश्न बंद केले. घर बांधताना परांची लावतात तसा आधार द्यायचा, ती म्हणायची, आणि घर उभं राहिलं की काढून घ्यायचा. टेस्टच्या आधीच्या शेवटच्या फेरीला ती आलीच नाही. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही तिघं जा." आम्ही परत आलो तेव्हा तिनं सगळ्या चमच्यांना पॉलिश केलं होतं.

टेस्ट महिनाअखेरच्या शुक्रवारी मिळाली. याच्यापुढे तारीख नव्हती. सकाळपासून बारीक बर्फ पडत होता. काका कॉफी आणायला गेले आणि मी व आई ऑफिसच्या काचेपाशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. बाबांना नेणारी बाई तीच होती, राइट म्हणालेली. त्यांची गाडी बाहेर पडली, योग्य बाजूला वळली, दिसेनाशी झाली. आईनं मला सायन्सचं पुस्तक काढायला सांगितलं. मी काढलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि उलटं धरून बसली. काउंटरवर लोक नंबर प्लेट घेत होते, हसत होते, थंडीबद्दल बोलत होते. प्रत्येक पांढरी गाडी मला काकांची वाटत होती, आणि काकांची गाडी तपकिरी होती.

ती आली तेव्हा आधी परीक्षक बाई उतरल्या. कागदावर काहीतरी लिहीत, आमच्याकडे न बघता आत निघून गेल्या. बाबा उतरले नाहीत. आई टोपी न घालताच बाहेर गेली, मी तिच्या मागे. गाडी बंद होती पण इंडिकेटर चालूच होता. आईनं काचेवर बोटानं टकटक केलं. बाबांनी काच खाली केली. त्यांची नजर सरळ समोर होती आणि आवाज तोच, आठवडाभर ऐकलेला.

"बाजूला बायको उभी आहे," ते म्हणाले. "हातात थर्मास आहे. डोक्यावर टोपी नाही. तिच्या मागे पोरगी आहे, ती रडायच्या बेतात आहे. दोघींना आधी जाऊ देतो."

"अहो, नीट सांगा."

"पास झालो, रंजना."

आईनं थर्मास गाडीच्या टपावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाराची कड धरली. काका कॉफीचे कप घेऊन आले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, आता तरी तो इंडिकेटर बंद करा, नाहीतर आतून येऊन परत घेतील."

नंतर जेवताना बाबांनी सांगितलं. ते गाडीत हळू आवाजात बोलत होते म्हणून त्या बाईंनी विचारलं, कुणाशी बोलताय. बाबा म्हणाले, बायकोशी, ती मागे बसते. बाईंनी वळून रिकामी सीट पाहिली. बाबा म्हणाले, ती टीचर आहे. पुढच्या चौकात बाई म्हणाल्या, मग तिला सांगा, लेफ्ट घ्यायचाय.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांनी गाडी सोडली. माझ्या शेजारी बसतात आणि मी चालवत असताना अजूनही बोलतात, बस येऊ दे, त्या पोराच्या हातात बॉल आहे. मी ऐकते. त्यांचं अजून चुकत नाही.

पण मला जास्त आठवते ती नोकरीवर जायची पहिली सोमवारची सकाळ. काकांनी आपली जुनी गाडी आम्हाला देऊन टाकली होती. उजाडायला वेळ होता. बाबांनी इंजिन गोठू नये म्हणून लावलेल्या ब्लॉक हीटरची वायर काढली, काच खरवडली, डबा शेजारच्या सीटवर ठेवला. मी आणि आई त्या निम्म्या खिडकीतून बघत होतो. आमच्या डोळ्यांसमोर फक्त चाकं आणि त्यांचे बूट होते. चाकं हलली. कोपऱ्यावर बर्फावर एक पिवळा दिवा लागला, विझला, लागला, विझला, आणि गेला. पुढे तासभर हायवे, डांबरावर न दिसणारा काळा बर्फ, रात्रभर चालवून आलेले ट्रक. शाळेची वेळ होईपर्यंत आई टेबलाशी बसून राहिली. तिच्याजवळ आता शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते. ऐकू येत नव्हतं, पण मला ते शब्द माहीत होते: आरसा बघतो, खांद्यावरून बघतो.

पोचलो की फोन एकदा वाजवायचा आणि ठेवून द्यायचा, असं ठरलं होतं. नागपूरला कुणी गावाहून पोचलं की आम्ही तसंच करायचो. मी बूट घालून, बॅग पाठीला लावून, दाराशी उभी होते. निघायची वेळ झाली. टळली. आई मला जा म्हणाली नाही आणि मी गेले नाही. वर घरमालकिणीनं नळ सोडला, भिंतीतून पाणी गेलं.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

आई उठली. तिनं खुर्ची ओढली, तिच्यावर चढली, आणि फ्रिजवर अगदी मागे सारलेलं ड्रायव्हिंगचं पुस्तक काढून पदरानं त्याची धूळ पुसली, आणि टेबलाशी बसून पहिलं पान उघडलं.